लोणारच्या तळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत: समुद्र नसलेल्या जिल्ह्याची समुद्रप्रवासाची शिदोरी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज आपण बोटीबद्दल बोलणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यात बसून बोटीच्या गप्पा? आपल्याकडे खारं पाणी म्हणजे एकच, लोणारचं. त्यात कुणी बोट घालत नाही. बाकी आपली पूर्णा आणि पैनगंगा, आणि उन्हाळ्यात त्यांचं काय होतं ते आपण जाणतोच.

पण एका श्रोत्याचा निरोप आला आणि विषय डोक्यात बसला. त्यांना आई-वडिलांना क्रूझवर पाठवायचं आहे. मुंबईहून बोट सुटते, दोन-तीन रात्री, जेवणखाण सगळं आत. त्यांनी विचारलं, "घरात कुणी कधी बोटीत बसलेलं नाही. काय सांगून पाठवू?" प्रश्न साधा आहे. इंटरनेटवर दहा टिपा मिळतील, त्या बहुतेक फ्लोरिडाहून निघणाऱ्या बोटींसाठी लिहिलेल्या. मला वाटलं, आपल्याच माणसांना विचारावं. मराठी माणसं दीडशे वर्षं आगबोटीत बसताहेत. त्यातल्या काहींनी एवढे प्रवास केले की आजचे हौशी क्रूझवालेही मागे पडतील. त्यांच्या प्रवासातून आपल्याला काय मिळतं, ते आज बघू.

पहिला प्रवासी: कापसाची गाठ

आपल्या जिल्ह्यातून समुद्रापार सातत्याने कोण गेलं असेल, तर कापूस. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून जायचा. पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत तांडे जायचे, किंवा घाट उतरून मुंबईला. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. पोचेपर्यंत मालाची रया जायची.

मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर गेली. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं नकाशावर आली. जलंबहून खामगावला जेमतेम आठ मैलांचा फाटा काढला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय! कारण ते रूळ खरं तर लिव्हरपूलला जात होते.

त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली आणि मुंबई-लंडन हे समुद्री अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. १८७० मध्येच समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. म्हणजे खामगावच्या बाजारात भाव काय फुटणार, हे आता समुद्रापलीकडे ठरू लागलं. ज्या शेतकऱ्याने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याचं वर्ष चांगलं की वाईट हे समुद्रापारच्या भावावर लटकलेलं. आपलं समुद्राशी नातं हे असं सुरू झालं. माल गेला, माणूस मागे राहिला.

या गाठीकडून एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. प्रेसमध्ये कापूस दाबून दाबून साधारण ३९२ पौंडांची टणक गाठ का करत असत? कारण बोटीत भाडं जागेचं लागतं. बोटीवर सगळ्यात महाग वस्तू कुठली, तर जागा. हे त्या काळच्या व्यापाऱ्याला कळलं होतं, आणि आजच्या क्रूझवरही तेच खरं आहे. साधी खोली घेतली तर आपल्या घरातल्या देवघर-स्वयंपाकघराएवढी जागा मिळते, त्यात दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा. तेव्हा आई-वडिलांसोबत चार मोठ्या बॅगा देऊ नका. पलंगाखाली जाईल अशी एक बॅग, माणशी एक. बस्स.

कोकणात जे घरात मिळतं

कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिथलं पोर आजोबांच्या तोंडून ऐकत मोठं होतं: नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही, पडावातून बोटीवर चढताना हात मोकळे ठेवायचे, बोट लागली तर आडवं न पडता वाऱ्यावर उभं राहायचं. रत्नागिरीकडची मुसलमान घरंच्या घरं गोऱ्यांच्या बोटींवर खलाशी, तांडेल, सारंग म्हणून पिढ्यानपिढ्या गेली. गोव्याची माणसं त्याच बोटींवर आचारी आणि वाढपी होती. वरच्या डेकवर साहेब आणि खालच्या अंगाला आपली माणसं, असा तो संसार. लंडनला जाणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्याला कुणीतरी आपल्या बोलीत "काय पाव्हणं, बोट लागली काय?" म्हणून विचारलं असेल, तर तो हमखास असा एखादा कोकणी खलाशी असणार.

आपल्याकडे ही शिदोरी नाही. घाटावरच्या माणसाला समुद्राची भीती वाटते असं म्हणतात, पण भीती ही दुय्यम गोष्ट आहे. सांगणारं कुणी नसतं, ही खरी अडचण. वर जुन्या धर्मशास्त्राने समुद्रगमन पातकांत घातलेलं. बौधायनाच्या सूत्रातही ते आहे. त्यामुळे जो गेला त्याला परत आल्यावर प्रायश्चित्त, आणि प्रायश्चित्ताच्या गोंधळात अनुभव सांगायचा राहून जायचा. म्हणून ज्यांनी लिहून ठेवलं, ज्यांचं चरित्र नोंदलं गेलं, त्यांच्याकडून आपण उसनं घेऊ.

आनंदीबाई: पोटाचं आधी बघा

७ एप्रिल १८८३. कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' ही बोट निघाली. तीत अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी होती. नवरा बरोबर नाही. सोबत मिशनरी बायका. इंग्लंडमध्ये बोट बदलून ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. मोजा, ५८ दिवस. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण करून सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. नेसू लुगडंच, खाणं शाकाहारी.

आता विचार करा, त्या काळची इंग्रजी बोट. जेवण मांसाहारी. तिच्या खाण्याजोगं फार थोडं. अठरा वर्षांच्या मुलीने दोन महिने असे काढले, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत तीन वर्षं अभ्यास केला. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीच्या बोटीत बसली तेव्हा क्षयाने पोखरलेली होती. नोव्हेंबरात मुंबईला पोचली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. एकवीस वर्षं अकरा महिने एवढंच आयुष्य. बोटीतल्या उपासामुळे क्षय झाला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणता येत नाही. पण आधीच अशक्त असलेल्या शरीराला असा प्रवास काय करतो, हे तिच्या कहाणीत दिसतं.

आज परिस्थिती फार वेगळी आहे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर शाकाहारी, जैन, सगळं मिळतं. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आपल्या जेवणाची अट तिकीट काढतानाच लेखी नोंदवा. बोटीवर चढल्यावर सांगितलं तर आचारी ऐकेल, पण आधी सांगितलं तर तो तयारीत असेल. दोन, घरचा डबा, चकल्या, शंकरपाळ्या, लोणच्याची बरणी हे बहुतेक बोटी आत नेऊ देत नाहीत. फार तर कंपनीच्या सीलबंद पाकिटाला परवानगी मिळते, तीही आधी विचारून. आईने रात्रभर जागून तळलेलं तपासणीच्या टेबलावर टाकून द्यावं लागलं, तर सहलीचा मूड तिथेच जातो. पोटाचं दुखणं, मधुमेह, उपास-तापास असेल, तर तेही आधीच कळवा. आनंदीबाईला विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याला फॉर्ममध्ये रकाना दिलेला असतो, तो तरी भरा.

रमाबाई: लेकरू घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. तिथून 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप वर्णन त्यांनी मराठीत लिहिलं. १८८६ च्या सुरुवातीला आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. फेब्रुवारी-मार्चातला अटलांटिक म्हणजे खवळलेला समुद्र, हौशी माणूस त्या वेळी जात नाही. परतताना त्या उलट दिशेने, सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून जपान आणि हाँगकाँगमार्गे आल्या, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे पृथ्वीला पूर्ण फेरी, बोटीने. एका विधवा मराठी बाईने, त्या काळात. आजही 'वर्ल्ड क्रूझ' म्हणून लाखोंची तिकिटं विकतात, त्यांनी हे ऐकायला हवं.

रमाबाईंकडून घ्यायची गोष्ट म्हणजे त्यांचं निरीक्षण. त्या बोटीवर डोळे उघडे ठेवून वावरल्या. अमेरिकेवरच्या त्यांच्या १८८९ च्या पुस्तकात लोक, संस्था, बायकांची स्थिती, सगळं टिपलेलं आहे. बोटीवर मोकळा वेळ फार असतो. पहिल्या दिवशी सगळी बोट पायी फिरा: दवाखाना कुठे, जेवणघर कुठे, जिने कुठे, लिफ्ट कुठे थांबते. वयस्क माणसाला खोली सापडत नाही ही क्रूझवरची सगळ्यात नेहमीची तक्रार, कारण सगळे बोळ सारखे दिसतात. खोलीचा क्रमांक आणि मजला एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

बाबासाहेब: बोटीचा खरा मुरलेला प्रवासी

आता ज्यांना खऱ्या अर्थाने मुरलेला समुद्रप्रवासी म्हणावं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे आपल्या लक्षात येत नाही, पण हिशोब करा. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला. १९१७ मध्ये परत. १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२३ मध्ये परत. मग गोलमेज परिषदा: ४ ऑक्टोबर १९३० ला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने, १९३१ च्या ऑगस्टमध्ये 'मुलतान'ने, १९३२ मध्ये पुन्हा. वीस वर्षांत दहापेक्षा जास्त मोठे समुद्रप्रवास. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' तर त्या वेळी नवी कोरी, १९२९ मध्ये सेवेत आलेली, आत पोहण्याचा तलाव असलेली बोट. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर शिवू दिलं नव्हतं, तो अशा बोटीने देशाच्या भवितव्यावर बोलायला निघाला होता.

पण मला सांगायचं आहे ते १९१७ चं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध जोरात, समुद्रात जर्मन पाणबुड्या. बाबासाहेब मार्सेयहून एका बोटीने निघाले आणि सुखरूप आले. त्यांचं सामान, त्यात पुस्तकं, दुसऱ्या बोटीने पाठवलेलं. ती बोट पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाई म्हणून सुमारे सहाशे रुपये मिळाले, आणि त्याच पैशांतून बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी जाण्याचा खर्च भागला, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. दोन गोष्टी इथे दिसतात. सामान आणि माणूस वेगवेगळे गेले की सामानाचा भरवसा नाही. आणि सामान रीतसर नोंदवून पाठवलेलं होतं, म्हणून निदान भरपाई तरी मिळाली.

आता आपल्यापुरतं बघा. क्रूझवर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, आणि त्या खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात. कधी संध्याकाळ होते. म्हणून रोजच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, पासपोर्ट, पैसे, एक जोडी कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग संध्याकाळी आली, असं होऊ देऊ नका. परदेशी बोट असेल तर प्रवासविमा काढाच, आणि त्यात बोटीवरच्या दवाखान्याचा आणि तातडीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी तिकिटात नसते.

सामानाचाच विषय निघाला म्हणून गांधीजींचं सांगतो. २९ ऑगस्ट १९३१ ला ते 'राजपुताना' बोटीने दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले, सर्वांत खालच्या वर्गाने. बोटीवर त्यांना दिसलं की आपल्या बरोबरच्या मंडळींनी पेट्यांवर पेट्या आणल्या आहेत. ते असे संतापले की जास्तीचं सामान एडनहून परत पाठवायला लावलं. बरोबरचे लोक शहाणे, शिकलेले होते, तरी "कधी काय लागेल" या भीतीने सामान वाढलंच. आपल्या घरात प्रत्येक लग्नाला हेच होतं, नाही का?

हजची बोट: वऱ्हाडातले विसरलेले प्रवासी

मंडळी, इथे मला थोडं थांबायचं आहे. वऱ्हाडातून सामान्य माणसांनी सगळ्यात जास्त समुद्रप्रवास केला असेल, तर तो शिकलेल्या बॅरिस्टरांनी नव्हे, हजच्या यात्रेकरूंनी. मलकापूर, नांदुरा, शेगावसारख्या स्टेशनांवरून मुंबईला जायचं, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरायचं, कागदपत्रं आणि लस झाली की बोटीने जेद्दा. जुन्या काळात डेकवर ताडपत्रीखाली जागा, स्वतःची भांडी, स्वतःचा शिधा. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर सगळ्यांना उतरवून आजार तपासायला दिवसच्या दिवस ठेवत असत. ती व्यवस्था १८८२ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. पुढे मोगल लाइनच्या बोटी आल्या, सोयी सुधारल्या. १९९५ नंतर मुंबईहून हजची बोट बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले.

या यात्रेकरूंत म्हातारी माणसं खूप असत. आयुष्यभर पैसा साठवून उतारवयात जाणारे. समुद्र कधी न पाहिलेले. त्यांच्याकडून शिकायची रीत अशी की ते एकटे जात नसत. ओळखीच्या गावकऱ्यांचा गट धरून जायचे, आधी जाऊन आलेला एक हाजी गटात असायचा, आणि बाकीचे त्याचं ऐकायचे. आपल्या आई-वडिलांना पाठवताना हेच करा. आधी एकदा तरी जाऊन आलेलं कुणी बरोबर असेल तर निम्मी चिंता मिटते. आणि रोगराईचं म्हणाल तर बंद जागेत हजारो माणसं एकत्र जेवतात, पोटाचे आजार आजही बोटींवर झपाट्याने पसरतात. जेवणघराच्या दाराशी हात धुवायला सांगतात ते मनावर घ्या. जंतुनाशक लावून भागवू नका, साबणाने धुवा.

'रामदास': कवायत चुकवू नका

आता जरा जड विषय. पण हा टाळून समुद्राचं बोलणं पुरं होत नाही.

मुंबई ते कोकण ही आगबोटीची वाहतूक मराठी माणसाची एसटीच होती. चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचा आणि गावाला जायचा. बोटींची नावं संतांची: 'तुकाराम', 'रामदास'. नोव्हेंबर १९२७ मध्ये वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढाची अमावास्या तोंडावर, सणाला गावी निघालेली माणसं, भर पावसाळा. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बातमी मुंबईला पोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती.

वाचलेल्यांनी सांगितलेलं पुन्हा ऐका: माणसं एका बाजूला धावली. कुणी कुठे उभं राहायचं हे कुणाला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. तर मग १३ जानेवारी २०१२ घ्या. इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड आधुनिक क्रूझ खडकावर आदळली. चार हजारांवर माणसं होती, ३२ गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी होणार होती. त्यानंतर जगभराचा नियम बदलला. आता कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते.

म्हणून आजचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच. बोटीवर चढल्यावर कवायतीची घोषणा होते. तेव्हा बरेच जण जेवणघरात रांगेत असतात किंवा फोटो काढत असतात. आई-बाबांना निक्षून सांगा: ती कवायत करायचीच. आपल्या ओळखपत्रावर किंवा दारामागे एकत्र जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेला असतो. तिथपर्यंत जिन्याने एकदा स्वतः चालत जा, कारण संकटात लिफ्ट नसते. भाषा कळली नाही तर कर्मचाऱ्याला हिंदीत विचारा. आपल्या बोटींवर भारतीय कर्मचारी भरपूर असतात. गुडघे दुखत असतील, कमी ऐकू येत असेल, तर हे आधीच सांगून ठेवा, त्यासाठी वेगळी नोंद ठेवतात.

बोट वाहन होती, मुक्काम कधी झाली?

थोडा इतिहास अजून. पूर्वी माणूस कुठेतरी पोचायला बोटीत बसे. हौसेसाठी बोट ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोर धरू लागली: १८९१ च्या हिवाळ्यात जर्मन जहाजमालक आल्बर्ट बालिनने अटलांटिकची रिकामी राहणारी बोट भूमध्य समुद्रात सहलीला नेली. मग १९५० आणि ६० च्या दशकांत जेट विमानं आली, सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद राहिला, आणि प्रवासी बोटींचा धंदा आटला. उरलेल्या बोटींनी सहलीचा मार्ग धरला. आपल्याकडे मुंबई-गोवा बोट बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची बोट मुंबईहून निघू लागली. ज्या बॅलार्ड पिअरवर बाबासाहेबांच्या काळातले प्रवासी विलायतेच्या बोटीत चढत, तिथे आता क्रूझचं नवं टर्मिनल आहे.

बोट हाच मुक्काम झाला, त्यामुळे काही नव्या गोष्टी आल्या. पटकन सांगतो.

खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्याची घ्या, तिथे हलणं कमी. बाल्कनीचा मोह असेल तर पैसे जास्त, पण हलणंही जास्त. बोट लागण्याची भीती असेल तर गोळी डॉक्टरला विचारून निघण्याआधी घ्या, लागल्यावर नाही. बाकी आलं चघळायचं, पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं. हे कोकणातली आजी फुकट सांगते.

हंगाम बघा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या फेऱ्या साधारणपणे नसतात. नारळी पौर्णिमेचा नियम आजच्या लोखंडी बोटींनाही लागू आहे, समजा.

शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई आणि दुपारी बोट, असा हिशोब करू नका. गाडी चार तास उशिरा आली तर बोट थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा.

मोबाइल समुद्रात गेला की विमानातल्यासारखा बंद करून टाका, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचं बिल येतं. बोटीवर काय तिकिटात आणि काय वेगळं, याची यादी आधी मागा: पेयं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, बंदराचे कर. वरवरचं भाडं आणि शेवटचं बिल यात बराच फरक पडतो. खामगावच्या बाजारात भाव करताना आपण हमाली-तोलाई वेगळी विचारतो ना? तसंच.

जाता जाता

आपल्या जिल्ह्यात समुद्राची शिदोरी घरात मिळत नाही, हे खरं. पण ती इथे कधीच नव्हती असं मात्र नाही. हजच्या बोटीने गेलेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. १९९५ ला ती बोट बंद झाली; त्या वेळी पन्नाशी-साठीत असलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. मर्चंट नेव्हीत, आखाती देशांच्या बोटींवर गेलेलेही आहेत. त्यांच्याकडे जुने पास, तिकिटं, फोटो असतील. त्यांना कुणी विचारलेलं नाही, कारण आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे कोकण.

तेव्हा क्रूझचं तिकीट काढण्याआधी आपल्या गल्लीतल्या अशा एखाद्या चाचांकडे, काकांकडे जाऊन बसा. बोट कशी लागली, काय खाल्लं, झोप कुठे घेतली, भीती कधी वाटली, सगळं विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्हाला पाठवलंत, त्यांची परवानगी असली, तर पुढच्या भागात त्यांच्याच आवाजात ऐकू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि हो, बोटीत बसलात तर कवायत चुकवू नका!